घाटापलीकडचे आबा

पलीकडून उत्तर आलं नाही म्हणजे पलीकडे कोणी नाही, असं धरून चालायचं नसतं. केतकी नेहेतेला हा नियम नोकरीत शिकवला गेला, त्याच्या कितीतरी आधी तो घरात शिकवला गेला होता. तिचे वडील विनायकराव, म्हणजे आबा, भुसावळकडच्या लहानसहान स्टेशनांवर मास्तर होते. एकच रूळ, दोन्हीकडून गाड्या आणि मधे एक टेलिफोन. पुढच्या मास्तरानं लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. तो एक आकडा सांगणार, आपण तो परत म्हणून दाखवणार, तो 'बरोबर' म्हणणार, मगच सिग्नल.

"आणि त्यानं फोन उचललाच नाही तर?" लहानपणी केतकीनं विचारलं होतं.

"तर गाडी उभी. लोक शिव्या घालेनात का. तो मास्तर मेला, हे आपण इथं खुर्चीत बसून ठरवायचं नाही. तो बिचारा झेंडी घेऊन फलाटावर उभा असेल."

हे सगळं तोंडपाठ असूनही त्या शुक्रवारी सकाळी केतकीनं जे करायचं नाही नेमकं तेच केलं. शिकलेलं आणि अंगी बाणलेलं यात फरक असतो म्हणतात, तो असा.

ती पुण्यात हिंजवडीला डेटा सेंटरमध्ये होती, आणि त्या सेंटरमध्ये माणसांच्या आठवणी ठेवलेल्या होत्या. हे ऐकायला भारी वाटतं, पण केतकीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. बँकेतल्या माणसाला नोटांचं वाटत नाही तसं. दोन वर्षांपूर्वी आबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. चालणं-बोलणं परत आलं, जुनं सगळं शाबूत राहिलं, पण नवीन काही टिकेना. सकाळी भेटलेला माणूस दुपारी अनोळखी. अशा लोकांसाठी जे यंत्र निघालं त्याला कंपनीनं लांबलचक नाव दिलंय, लोक त्याला 'बटण' म्हणतात. ते कानामागे कातडीखाली बसतं. मेंदू नवी आठवण बांधायला जातो तेव्हा कुठल्या पेशी कुठल्या क्रमानं पेटल्या, याचा नकाशा ते टिपतं. पुढे तो चेहरा, तो आवाज, तो वास परत समोर आला की तोच नकाशा ते मेंदूला परत वाजवून दाखवतं. माणसाला वाटतं, आपल्याला आठवलं. आणि खरंच आठवलेलं असतं.

हे नकाशे इतके अवाढव्य की कानामागे मावत नाहीत. ते राहतात डिस्कच्या कपाटांत, आणि त्या कपाटांना जोडणारं काचेच्या तारांचं जाळं, ज्याला फायबर चॅनेल म्हणतात, ते सांभाळणं हे केतकीचं काम. त्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला एक लांब नाव असतं, जगात दुसऱ्या कुणाचं नसलेलं. कुठल्या नावाला कुठली डिस्क दिसावी, हे झोन नावाच्या कुंपणानं ठरतं. आबांच्या बटणाला फक्त आबांची डिस्क दिसते. ते कुंपण नसतं तर आबा शेजारच्या गोखल्यांच्या आठवणी काढत बसले असते, आणि गोखल्यांना ते मुळीच चाललं नसतं.

प्रत्येक डिस्कच्या दोन प्रती. एक पुण्यात, एक घाटाखाली महापेला. पुण्यात लिहिलेलं महापेनं 'मिळालं' म्हटल्याशिवाय ते लिहिलं गेलं असं मानायचंच नाही. आबांना हे समजवायला केतकीला फार वेळ लागला नव्हता. "लाइन क्लिअर," असं म्हणून ते परत पेपरात शिरले होते. बटण जवळच्या सेंटरशी बोलतं: घाट उतरला की महापेशी, चढला की पुण्याशी. दोन्ही प्रती सारख्याच, त्यामुळे घाट कधी ओलांडला हे आठवणीला कळतही नाही.

आणि दोघांमधला दुवाच तुटला तर? तर पुण्यानं थांबायचं आणि महापेनं चालू राहायचं. दोघंही चालू राहिले तर एकाच माणसाच्या दोन वेगवेगळ्या प्रती वाढायला लागतात, म्हणून हा नियम.

शुक्रवारी घाटात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं चर उकरला आणि त्यात सगळ्यांच्याच केबली गेल्या. मोबाइलही गचके खाऊ लागले. पुण्याचं सेंटर नियमाप्रमाणे थांबलं. थांबलं म्हणजे घाटावरच्या हजारो माणसांचं नवीन काही टिकेना, आणि दोन वर्षांत साठवलेलंही हाताशी येईना. त्यांतले एक आबा. घरात एकटे, आणि ही त्यांची गॅसवर चहा ठेवायची वेळ.

केतकीनं महापेला फोन लावला. लागला नाही. परत लावला. तिकडे काहीतरी मोठं झालं असणार, आग लागली असेल, सेंटर बसलं असेल, असं तिच्या मनानं घेतलं. पुण्याला सक्तीनं चालू करायचा एक हुकूम यंत्राला देता येत होता. तो देण्याआधी महापेच्या माणसाला डिस्कच्या गटाचं नाव वाचून दाखवायचं, त्यानं ते परत म्हणायचं आणि मग आपण 'बरोबर' म्हणायचं, अशी रीत होती. पलीकडे माणूस नव्हता. केतकीनं नाव मोठ्यानं वाचलं, स्वतःच परत म्हटलं, स्वतःच 'बरोबर' म्हणाली आणि हुकूम देऊन टाकला.

दुपारी फोन लागला. महापेचा मुश्ताक काझी शांत आवाजात म्हणाला, "आम्ही इथंच आहोत की. तुम्ही कुठं होतात?"

दोन्ही बाजू चालू होत्या, आणि आता कुठलीही एक थांबवायची म्हणजे हजारो माणसांची सकाळ पुसायची. तिच्या वरिष्ठ सबनीस मॅडमनी ठरवलं की केबल जुळेपर्यंत दोन्ही चालू ठेवायच्या. पुण्याची माणसं पुण्यात, मुंबईची मुंबईत राहिली तर काही बिघडणार नाही; जो जिथं आहे तिथली प्रत त्याची खरी. फक्त बटणवाल्यांनी घाट ओलांडायचा नाही. सगळ्यांना तसा निरोप गेला. जाता जाता मॅडमनी एकच विचारलं.

"तुझे वडील त्यात नसते, तर थांबली असतीस?"

"थांबले असते," केतकी म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी तिनं आबांनाही बजावलं. आबांनी निरोप नीट वाचला, "बरं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर ठाण्याच्या गाडीत बसले.

*

दुपारी निरंजनचा फोन आला. निरंजन म्हणजे केतकीचा धाकटा भाऊ. तो ठाण्याला राहायचा. आई गेल्यापासून, म्हणजे सात वर्षं, आबा त्याच्याशी बोलले नव्हते. आईला व्हेंटिलेटरवर ठेवण्यात आता अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आबा खाली औषधं आणायला गेले होते आणि निरंजननं कागदावर सही केली. आबा वर आले तोवर मशीन बंद होतं. मला विचारलं नाहीस, एवढं एकच वाक्य आबा बोलले, आणि त्यानंतर ते दार लागलं ते लागलंच.

"ताई," निरंजन म्हणाला. "आबा आलेत."

"कुठं?"

"माझ्याकडे. दारात उभे होते. पिशवीत ज्वारीचे बिबडे-पापड घेऊन. म्हणाले, मी इथं का आलो ते मला आठवत नाही. कर्जतच्या पुढं कधीतरी बघितलं तर हातात ठाण्याचं तिकीट. ठाण्यात माझं दुसरं आहे कोण? आलोय म्हणजे ठरवूनच आलो असणार."

केतकीनं कपाळाला हात लावला. घाट उतरताना बटण महापेच्या प्रतीवर गेलं होतं, आणि त्या प्रतीत शुक्रवार सकाळनंतरचे पुण्यातले आबा नव्हतेच. निघण्याचं कारण तिथं नव्हतं, केतकीनं बजावलेलंही नव्हतं. होता तो फक्त दारात पोचलेला माणूस.

"निरू, त्यांना तिथंच ठेव. मी सांगेपर्यंत घाट चढू देऊ नकोस."

"मी कशाला चढू देतोय," निरंजन म्हणाला. तो हसत होता की रडत होता ते फोनवर कळलं नाही.

रविवारी त्यानं परत फोन केला. आवाज बसलेला होता. जेवण झाल्यावर पेपरची घडी घालता घालता आबांनी विचारलं होतं, ती शेवटी काही बोलली का रे? सात वर्षांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. केतकीनंसुद्धा नाही.

"मी सांगितलं, बोलली नाही. बोलता येतच नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकून एवढंच म्हणत होतो, आबा जिना चढतायत, आई, आलेच ते. शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलो. आबा उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, ताई. बराच वेळ ठेवला."

केतकी तिकडे जाऊ शकत नव्हती. ती सेंटरमध्ये खुर्चीवर बसून रडली आणि मग तोंड धुऊन कामाला लागली.

सोमवारी दोन फोन आले. सकाळी यावलहून आतेभावाचा: आक्काआत्या गेली. आबांची थोरली बहीण, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली. ही बातमी आबांना फोनवर द्यायची नाही, असं केतकीनं ठरवलं. दुसरा संध्याकाळी, मुश्ताकचा: घाटातली केबल जुळली.

*

केबल जुळली म्हणजे सगळं जुळलं, असं कुणालाही वाटेल. निरंजनलाही वाटलं. बातम्यांत ऐकलं आणि मंगळवारी सकाळी ताईला न कळवता तो आबांना गाडीत घालून निघाला. आबा पुढच्या सीटवर होते. वाटेत थांबून त्यांनी वडापाव खाल्ला, टोलनाक्यावरच्या पोराशी गप्पा मारल्या. खंडाळ्याच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर ते गप्प झाले. त्यांनी निरंजनकडे बघितलं, आणि ती नजर त्याच्या ओळखीची होती.

"गाडी थांबव," आबा म्हणाले. उतरले, आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

केतकीनं दार उघडलं तेव्हा दोघं एकापाठोपाठ एक उभे होते, मधे पायरीचं अंतर ठेवून.

"मी गाडीत होतो," आबा तिला म्हणाले. "आगगाडीत. लोणावळा सुटलं होतं. आणि एकदम याच्या मोटारीत. हा मला कुठं घेऊन निघाला होता?"

तिनं दोघांना आत घेतलं, पाणी दिलं आणि आबांना सगळं सांगितलं. आपण शुक्रवारी काय केलं तेही. मास्तर मेला असं तू ठरवलंस, एवढंच आबा म्हणाले. रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

"पण तुम्ही निघालात कशाला, आबा? मी बजावलं होतं ना?"

"शुक्रवारी दुपारी आक्काचा फोन आला. म्हणाली, निरूकडे जा. माझं काही खरं नाही, मी असेतो जा. आता आक्का म्हणाली जा, तर केबलीसाठी थांबायचं? म्हटलं, घाट उतरल्यावर कारण विसरलो तरी तिकीट तर हातात असेल. पाय पोचतील." ते थांबले. "पोचले का?"

"पोचले," निरंजन म्हणाला. एवढं बोलून तो उठून गॅलरीत गेला.

मग केतकीनं आक्काआत्याचं सांगितलं. आबा बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "शेवटचं माझ्याशीच बोलली म्हणायची," ते म्हणाले.

आणि आता खरी पंचाईत पुढे होती. दोन प्रती मिसळता येत नाहीत. कपाटाला आठवण कळत नाही. त्याला कळतात फक्त आकड्यांचे ठोकळे, आणि एकाच जागी इकडे एक ठोकळा, तिकडे दुसरा. शिवाय प्रत्येक नवी आठवण आधीच्यात गुंतलेली. सरमिसळ करून बघितलेली माणसं आपण कुठं आहोत हेच विसरली होती. त्यामुळे एकच प्रत ठेवायची, दुसरी तिच्यासारखी करून टाकायची. हरलेल्या प्रतीचा एक ठसा कपाटात राहतो, पण तो माणसाला परत लावता येत नाही. घाट न ओलांडलेल्यांचा प्रश्नच नव्हता. ओलांडलेल्या मोजक्या लोकांना मात्र निवड करायची होती, आणि लवकर, कारण तोवर कुणाचीच दुसरी प्रत धड नव्हती.

पुण्याचे आबा ठेवले तर आक्काचा शेवटचा फोन राहणार, आणि ठाण्याचे दिवस जाणार. महापेचे ठेवले तर उलटं.

"आबा, ठाण्यात काय झालं ते आम्ही तुम्हाला सांगू शकतो," केतकी म्हणाली. "निरू परत सांगेल."

"मला नाही जमणार," निरंजन गॅलरीतूनच म्हणाला. "त्यांनी विचारलं म्हणून सांगता आलं. आपण होऊन नाही सांगता येत."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. राग त्यांच्या चेहऱ्यावर अजून होता; जुना राग मेंदूत होता, बटणात नव्हता. "तुम्ही म्हणता मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खोटं कशाला बोलाल? पण मला तसं आत काही वाटत नाहीये, केतकी. मी इथं बसलोय आणि मला त्याचं तोंड बघवत नाहीये."

खाली कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"माझ्याकडे आक्काचा फोन आहे," आबा जरा वेळानं म्हणाले. "त्या दुसऱ्या आबाकडे काय आहे?"

"निरू आहे," केतकी म्हणाली.

आबांनी मान हलवली. रेल्वेत असताना दोन गाड्यांतली कुठली आधी सोडायची हे ठरवताना ते असेच मान हलवायचे, हे तिला आठवत होतं.

"आक्कानं मला कशाला फोन केला? तिकडे पोचावं म्हणून. तो आबा पोचलाय. मी अजून लोणावळ्याला उभा आहे. मग कुठला ठेवायचा, यात विचारायचं काय?"

"आक्काआत्या गेल्याचंही जाईल, आबा. ते तुम्हाला परत सांगावं लागेल."

"सांगा. पण यानं सांगावं." त्यांनी हनुवटीनं गॅलरीकडे दाखवलं. "त्या आबाला याच्याकडून ऐकलेलं चालेल. मला चाललं नसतं." मग ते केतकीकडे वळले. "आक्काचे शब्द तेवढे तू घे. बोलणं सांगून पोचतं, हात ठेवलेला पोचत नाही. मी म्हणतो, तू परत म्हण."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"विनू, दार तू लावलंस, कडी तुझ्याच बाजूला आहे. ते लेकरू बाहेरून किती ढकलेल? जा त्याच्याकडे. आणि रिकाम्या हातानं जाऊ नको, बिबडे ने."

"विनू, दार तू लावलंस, कडी तुझ्याच बाजूला आहे. तो बाहेरून किती ढकलेल..."

"तो नाही. ते लेकरू म्हणाली. परत."

तिनं परत म्हटलं. आबांनी डोळे मिटून ऐकलं.

"बरोबर," ते म्हणाले.

*

घरच्या माणसाच्या डिस्कला हात लावायचा नाही, असा नियम होता आणि या वेळी केतकीनं तो पाळला. बुधवारी दुपारी मुश्ताकनं महापेहून आबांच्या डिस्कचं नाव वाचलं, सबनीस मॅडमनी पुण्यात ते परत म्हटलं. थोडा वेळ बटण बंद राहतं, तेवढ्यात माणूस झोपलेला बरा, म्हणून आबा जेवून आडवे झाले होते. झोपण्याआधी त्यांनी केतकीला उशाजवळून उठवून निरंजनला तिथं बसवलं होतं. उठल्यावर मी याच्या मोटारीत असेन, म्हणाले, तूच समोर दिसलीस तर गोंधळेन.

चहाच्या वेळेला त्यांनी डोळे उघडले. उशाशी निरंजन बसला होता.

"घाट संपला का रे?" आबांनी विचारलं.

"संपला, आबा."

"झोप लागली वाटतं. तो वडापाव भोवला." ते उठून बसले, त्याच्याच खांद्याचा आधार घेऊन, आणि हात तिथंच राहू दिला. केतकी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो स्टुलावर ठेवला.

"केतकी, आलो गं घरी. आधी आक्काला फोन लाव. म्हणावं, विनू निरूकडे राहून आला. खूश होईल म्हातारी."

निरंजननं खांद्यावरचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सांगितलं. सोमवारी सकाळी, झोपेतच, त्रास झाला नाही. आबांचा चेहरा काल पडला होता तसाच पुन्हा पडला. केतकीनं तो दुसऱ्यांदा बघितला, आणि दुसऱ्यांदा बघणं सोपं गेलं नाही. पण काल आबा पंख्याकडे बघत एकटे रडले होते. आज त्यांनी कपाळ मुलाच्या खांद्यावर टेकवलं आणि मोठ्यानं रडले.

"तिला कळायला हवं होतं," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "मी गेलो होतो हे तिला कळायला हवं होतं."

"आबा," केतकी म्हणाली, "तुम्हाला तिनंच पाठवलं होतं. शुक्रवारी तिचा फोन आला होता. तुमच्या लक्षात राहणार नव्हता, म्हणून तिचे शब्द मी ठेवलेत."

आबा डोळे पुसून सरळ बसले. "काय म्हणाली?"

केतकी त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिनं शब्द न शब्द सांगितला. कडी, लेकरू, बिबडे. आबांनी एकदा निरंजनकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग मास्तरकीतली जुनी सवय असल्यासारखे ते एकेक शब्द हळूहळू परत म्हणू लागले, आणि शेवटचा शब्द झाल्यावर थांबून तिच्याकडे बघत राहिले.

"बरोबर," केतकी म्हणाली.